एंजल माशाच्या शेपटीची कड पांढुरकी झालीय, मिशाही तुटल्यात. कुठलं औषध टाकू?

शिंपला
नमस्कार. माझा १०० लिटरचा टँक आहे, सुरू करून दोन-अडीच महिने झाले. त्यात एक एंजल, चार टायगर बार्ब, काही प्लॅटी आणि तळाला कोरी (कोरिडोरस, तळाशी राहणारे छोटे कॅटफिश) आहेत. एंजलच्या पोटाखालच्या लांब मिशा आधी टोकाला आखूड झाल्यासारख्या वाटल्या. आता शेपटीची कडही विरत चाललीय आणि तिला पांढुरकी किनार आलीय. एका प्लॅटीच्या शेपटीतही खाच दिसते. एंजल खातोय, पण खाऊन झालं की हीटरच्या मागे जाऊन थांबतो.
ओळखीतल्या एकाने मिथिलीन ब्लू हे निळं औषध दिलंय. दुसऱ्याने अँटिबायोटिकची कॅप्सूल फोडून पाण्यात टाकायला सांगितलं. मीठ तर घरात आहेच. आज रात्री यातलं काय टाकू? फोटो काढायचा खूप प्रयत्न केला, पण मासा हलतो आणि सगळं धूसर येतं.

खंड्या
शिंपला, आज रात्री यातलं काहीच टाकू नका. मासा खातोय म्हणजे आपल्याकडे नीट बघायला वेळ आहे.
आधी खोलीतला आणि टँकचा दिवा बंद करा. मोबाइलचा टॉर्च मागच्या काचेला लावा आणि तुम्ही पुढून बघा. उजेड पराच्या (म्हणजे माशाच्या पंखाच्या, शेपटीच्याही) आरपार येतो, त्यामुळे समोरून दिसत नाही ते दिसतं. पराला हाडांच्या बारीक काड्या असतात आणि त्यांच्यामध्ये पातळ पडदा ताणलेला असतो. तो पडदा काडीच्या बाजूने सरळ उभा चिरला असेल, चिरेच्या दोन्ही कडा स्वच्छ असतील, तर ती निव्वळ जखम आहे: कुठेतरी अडकला असेल किंवा कुणीतरी ओढलं असेल. कडेला अर्धगोल खाचा असतील तर कुणीतरी चावतंय. पण पडदा मागे मागे सरकत गेलाय, काड्यांची टोकं झाडूसारखी नुसती बाहेर उरलीत आणि कडेला दुधी रंगाची, उजेड न सोडणारी किनार आहे, असं दिसलं तर ते फिन रॉट, म्हणजे जिवाणूंमुळे पर कुजणं. किनारीत लाल रेघा असतील तर तेही सांगा.
नवीन उगवणारी कडही पहिल्यांदा बघताना पांढरीच वाटते, पण तिच्यातून टॉर्चचा उजेड आरपार येतो. हा फरक न कळल्यामुळे बरं होत असलेल्या माशावर औषधांचा मारा झालेला मी खूपदा पाहिलाय.
आणि पाण्याचे आकडे हवेत. अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट, पीएच, तापमान.

ओंजळ
खंड्याशी सहमत, पण मीठ टाकायला काय हरकत आहे? मी तर पर फाटला की पहिल्यांदा मीठच टाकते आणि मासे बरे होतात. उगाच टेस्ट-बिस्ट करत बसण्यात दिवस जातो.

खंड्या
ओंजळ, मिठाला माझा विरोध नाही, पण ते काय करतं आणि काय करत नाही एवढं माहीत असावं. गोड्या पाण्यातल्या माशाच्या अंगात बाहेरच्या पाण्यापेक्षा क्षार जास्त असतात, त्यामुळे पाणी सतत आत शिरत राहतं आणि ते बाहेर टाकायला मासा शक्ती खर्च करतो. जखम असली की हा खर्च वाढतो. पाण्यात थोडं मीठ असलं की तो ताण हलका होतो. शिवाय पाण्यात नायट्राइट असेल तर मिठातलं क्लोराइड त्याला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. हे दोन्ही फायदे खरे आहेत. पण पाण्यातला अमोनिया मिठाने कमी होत नाही आणि चावणारा मासा चावायचं थांबत नाही. तुमचे मासे बरे झाले त्यात मिठाबरोबर केलेल्या वॉटर चेंजचा वाटा किती, हेही धरा.
शिंपलाच्या टँकमध्ये कोरी आहेत. त्यांना खवले नसतात, हाडाच्या पट्ट्या असतात, आणि जास्त मीठ त्यांना मानवत नाही. झाडं आणि गोगलगायी असतील तर त्यांनाही त्रास होतो. म्हणून लिटरला १ ग्रॅम, त्याच्या वर नाही. १०० लिटरला १०० ग्रॅम, तेही एकदम नको. वेगळ्या भांड्यात टँकच्या पाण्यात पूर्ण विरघळवून दिवसभरात तीन-चार वेळा थोडं थोडं ओतायचं. मीठ वाफेबरोबर उडून जात नाही, त्यामुळे पाणी आटल्यावर वरून भरताना मीठ घालायचं नाही. जेवढं पाणी काढलं तेवढ्याच पाण्यापुरतं घालायचं.
एप्सम सॉल्ट ही निराळी वस्तू आहे, ते मॅग्नेशियम सल्फेट. पोट फुगलेल्या माशाला त्याचा उपयोग होतो, फाटलेल्या पराला नाही.

पानगळ
धागा वाचून विचारावंसं वाटलं. माझा फायटर मासा हाफमून, म्हणजे अर्धचंद्रासारख्या मोठ्या शेपटीचा आहे, एकटाच राहतो, पाणी स्वच्छ आहे, अमोनिया शून्य. तरी सकाळी उठून बघावं तर शेपटीचा मोठा तुकडा गायब. पांढरी कड वगैरे काही नाही. हे फिन रॉट म्हणायचं का?

जलपर्णी
पानगळ, रात्रीतून अचानक आणि गोलसर तुकडा गेला असेल तर तो स्वतःच स्वतःची शेपटी चावतोय. लांब परांच्या फायटरमध्ये हे पुष्कळ दिसतं. फिन रॉट इतका झटपट मोठा घास घेत नाही, तो कडेकडेने खात जातो. एवढी जड शेपटी घेऊन पोहताना तो थकतो, त्यात फिल्टरचा प्रवाह जोराचा असेल तर फारच. आऊटलेटपुढे स्पंजचा तुकडा लावून प्रवाह तोडा. पृष्ठभागाजवळ रुंद पानाचं झाड ठेवा, म्हणजे त्याला वर टेकून बसता येईल. फायटर हवेतूनही श्वास घेतो, त्याला सारखं वर यावं लागतं. काचेत स्वतःचं प्रतिबिंब दिसून तो दिवसभर फुलत असेल तर मागच्या बाजूला गडद कागद लावा आणि टँकच्या आतला दिवा बाहेरच्या उजेडापेक्षा फार प्रखर ठेवू नका.
सारखं फुलल्यानेही पडदा काड्यांच्या मधून सरळ उभा चिरतो, पण त्यात तुकडा जात नाही. फरक तुमच्या लक्षात येईल.
प्लॅस्टिकची झाडं असतील तर एक सोपी चाचणी करा. पायात घालायचे नायलॉनचे पातळ मोजे असतात ना, तो प्रत्येक पानावरून आणि दगडावरून फिरवा. जिथे मोज्याचा धागा अडकतो तिथे पर अडकतोच. ती वस्तू बाहेर.

पानगळ
आऊटलेट थेट त्याच्या झोपायच्या जागेवर येतोय, हे आत्ता तुमचं वाचून लक्षात आलं. आज स्पंज लावते. जुन्या जखमेला काही करायला हवं का?

जलपर्णी
नको. पाणी स्वच्छ ठेवा, तापमान २६ अंशांच्या आसपास स्थिर ठेवा. देशी बदामाचं वाळलेलं पान असेल तर एखादं टाका. त्यातल्या टॅनिनने पाणी चहाच्या रंगाचं होतं, पीएच किंचित उतरतो आणि जिवाणूंना थोडा आळा बसतो. ते औषध नाही, पण फायटर त्या पाण्यात शांत राहतो हे मी पाहिलंय. पान झाडावरून गळालेलं, वाळलेलं आणि फवारणी नसलेल्या ठिकाणचं हवं.

शिंपला
टॉर्चची युक्ती फारच कामाची निघाली. एंजलच्या शेपटीच्या वरच्या टोकाला दोन स्पष्ट अर्धगोल खाचा आहेत आणि त्या खाचांच्या कडा दुधी आहेत. खालच्या बाजूची कड मागे सरकलीय, तीन-चार काड्या उघड्या आहेत. लाल रेघा नाहीत. प्लॅटीच्या शेपटीत एकच खाच आहे, तिची कड स्वच्छ आहे.
पाणी: अमोनिया ०.५ पीपीएम, नायट्राइट ०.२५, नायट्रेट १०, पीएच ७.८, तापमान २८.

खंड्या
आता चित्र बरंच स्पष्ट झालं. तुमच्या टँकमध्ये दोन गोष्टी एकावर एक घडल्यात. टायगर बार्ब चावतायत आणि चावलेल्या जागी जिवाणू शिरतायत, कारण पाणी वाईट आहे.
फिन रॉट करणारे जिवाणू, म्हणजे एरोमोनास, सुडोमोनास, फ्लेव्होबॅक्टेरियम वगैरे, जवळजवळ प्रत्येक टँकमध्ये असतातच. धडधाकट माशाच्या अंगावरच्या बुळबुळीत थराला ते काही करू शकत नाहीत. अमोनियाने तो थर आणि कल्ले होरपळतात, मासा ताणाखाली येतो, आणि जखम उघडी असली की त्यांना वाट मिळते. म्हणून नुसते जिवाणू मारून भागत नाही. पाणी तसंच राहिलं तर औषधाचा कोर्स संपताच ते परत येतात.
०.५ हा आकडा लहान वाटेल, पण पीएच बघा. २५ अंशांना पीएच ७ असेल तर एकूण अमोनियापैकी साधारण अर्धा टक्काच घातक स्वरूपात असतो. पीएच ८ असेल तर तोच वाटा पाच टक्क्यांवर जातो, दहापट. तापमान चढलं की आणखी थोडा वाढतो. तुमच्या ७.८ आणि २८ ला ०.५ म्हणजे माशाला जाणवेल इतका विषारी अमोनिया झाला.
टँक अजून पूर्ण सायकल झालेला नाही. अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू जमायला सहसा ४ ते ६ आठवडे लागतात, आणि मासे एकदम वाढले की त्यापेक्षा जास्त.
आता काय करायचं. आज ३० टक्के पाणी बदला, उद्या परत ३०. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर येईपर्यंत हे रोज किंवा दिवसाआड चालू ठेवा. नवीन पाणी आधी क्लोरीन काढलेलं आणि टँकच्याच तापमानाचं असू द्या. तुमच्या नळाच्या पाण्यात क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग) असेल तर नुसत्या सोडियम थायोसल्फेटने, म्हणजे साध्या क्लोरीन काढायच्या औषधाने, क्लोरीन जातो पण अमोनिया मागे राहतो, त्यामुळे बदलायच्या पाण्याचीही एकदा टेस्ट करा. खाणं निम्म्यावर आणा. माशाच्या खाण्यातूनच अमोनिया तयार होतो. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नका. काढलेल्या टँकच्या पाण्यात हलका पिळा, तोही अगदी तुंबला असेल तरच.
हीटर २५-२६ वर आणा, हळूहळू, दिवसाला एखादा अंश. आजारी माशाला उबेची गरज असते असं सर्रास सांगतात. पण फ्लेव्होबॅक्टेरियम कोलम्नेअर नावाचा जिवाणू गरम पाण्यात जास्त आक्रमक होतो आणि गरम पाण्यात प्राणवायूही कमी विरघळतो. एअर पंप असेल तर चालू ठेवा.

ओंजळ
आणि बार्बचं? मला वाटतं एंजलला बाहेर काढून वेगळ्या टबात ठेवावं.

खंड्या
मी उलट करेन. आजारी मासा जाळीत धरून हलवायचा, नवीन जागेत टाकायचा, त्या टबात सायकल नाही म्हणून पुन्हा अमोनिया. हा सगळा ताण कशाला? बार्ब बाहेर काढा. ते धट्टेकट्टे आहेत, एक-दोन आठवडे झाकण, एअर स्टोन आणि स्पंज फिल्टर असलेल्या टबात रोज पाणी बदलून राहतील. त्यांच्या जाण्याने टँकमधला भारही कमी होईल.
पण त्याआधी खात्री करून घ्या. आपण समोर बसलो की मासे खाणं मिळेल म्हणून काचेशी गोळा होतात आणि नेहमीसारखे वागत नाहीत. मोबाइल एखाद्या वस्तूला टेकवून रेकॉर्डिंग चालू करा आणि खोलीतून निघून जा. नंतर व्हिडिओ बघा.

नदीकाठ
मध्येच विचारतो, माफ करा. माझ्या गोल्डफिशच्या परांच्या कडा काळ्या पडल्यात. पांढऱ्या नाहीत, काळ्या. गेल्या महिन्यात अमोनिया वाढला होता, आता शून्य आहे. हाही फिन रॉटच का?

खंड्या
नदीकाठ, अमोनिया उतरल्यावर काळेपणा आला असेल आणि पर आखूड होत नसतील तर घाबरू नका. भाजलेली जागा भरून येताना गोल्डफिशमध्ये तिथे काळं रंगद्रव्य जमतं. बहुतेकदा काही आठवड्यांत ते फिकट होत जातं. गोल्डफिश विष्ठा आणि अमोनिया दोन्ही भरपूर सोडतो, म्हणून टेस्ट चालू ठेवा. कड मागे सरकू लागली किंवा पराच्या मुळाशी लाली दिसली तर परत लिहा.

शिंपला
व्हिडिओ पाहिला. दोन बार्ब पाळीपाळीने एंजलच्या मागून येतात, शेपटीला तोंड लावतात आणि लगेच पळतात. एंजल वळतो तोवर दुसरा मिशांकडे असतो. इतके दिवस मी रोज टँकसमोर बसते, पण हे एकदाही दिसलं नव्हतं. बार्ब आजच टबात हलवले. मीठ १ ग्रॅमच्या हिशोबाने विरघळवून घालतेय.
मिथिलीन ब्लू अजूनही हातात आहे. ते खरंच नको?

जलपर्णी
टँकमध्ये तर मुळीच नको. तुमच्या फिल्टरमध्ये जे जिवाणू आत्ता कुठे जमतायत त्यांनाच ते मारतं, म्हणजे अमोनिया आणखी चढणार. सिलिकॉन कायमचं निळं होतं ते वेगळंच. अंड्यांवर बुरशी येऊ नये म्हणून किंवा वेगळ्या भांड्यात थोडा वेळ बुडवायला त्याचा चांगला उपयोग होतो. फिन रॉटच्या जिवाणूंवर त्याचा जोर फार नाही.
कॅप्सूलचं तर कृपया ऐकू नका. आपण वर नावं घेतली ते जिवाणू ग्रॅम-निगेटिव्ह नावाच्या गटातले आहेत. त्यांच्यावर प्रत्येक अँटिबायोटिक चालत नाही. एरिथ्रोमायसिनसारखं औषध मुख्यतः दुसऱ्या, ग्रॅम-पॉझिटिव्ह गटावर काम करतं. अंदाजाने अर्धी कॅप्सूल दोन दिवस टाकून सोडून दिली तर जिवाणू मरत नाहीत, त्या औषधाला सरावतात. गरज पडलीच तर पशुवैद्याला विचारून, वेगळ्या टबात, ठरलेल्या मात्रेत आणि पूर्ण दिवस.

पानगळ
मग गरज पडलीय हे ओळखायचं कसं?

खंड्या
चांगला प्रश्न. पाणी शून्यावर आणल्यानंतरही आठवडाभरात कड मागे सरकतच राहिली, रॉट शेपटीच्या मांसल मुळाकडे पोचू लागला, पराच्या बुडाशी लाल चट्टे आले, किंवा माशाने खाणं सोडलं, तर औषधाची वेळ आली. मूळ वाचवणं सगळ्यात महत्त्वाचं, कारण पर तिथूनच उगवतो.
एका बाबतीत मात्र आठवडा थांबायचं नाही. तोंडाभोवती पांढुरका कापसासारखा थर, पाठीवर आडवा फिकट पट्टा, आणि सकाळी दिसलेला डाग संध्याकाळपर्यंत पसरलेला. हा कोलम्नारिस, वर सांगितलेल्या फ्लेव्होबॅक्टेरियम कोलम्नेअरचा आजार. दिसायला बुरशी वाटते पण जिवाणूच असतो आणि जोरदार प्रकार असेल तर एक-दोन दिवसांत मासा जातो. तिथे लगेच मासा वेगळा करून औषध. खरी बुरशी फुललेल्या झुबक्यांसारखी बाहेर येते आणि सहसा आधीच मेलेल्या त्वचेवर धरते.
अजून एक, सगळ्यांसाठी. हाताला कापलं-खरचटलं असेल तर आजारी टँकमध्ये उघडा हात घालू नका. मायकोबॅक्टेरियम मरीनम नावाचा जिवाणू माशांकडून माणसाच्या जखमेत शिरू शकतो आणि ती गाठ बरी व्हायला महिने लागतात. लांब हातमोजे घाला, नंतर साबणाने हात धुवा. जाळी आणि पाइपही दोन टँकमध्ये सामायिक वापरू नका.

शिंपला
अपडेट देते. अमोनिया आता शून्य, नायट्राइट अगदी पुसट रंग दाखवतोय, नायट्रेट २० च्या आसपास. हीटर २६ वर. एंजल हीटरमागून बाहेर आला आणि दिवसभर टँकच्या मध्यात फिरतो. काल टॉर्च लावला तर शेपटीच्या खालच्या कडेला काड्यांच्या मध्ये एक बारीक पट्टी दिसली, पूर्ण पारदर्शक, रंगच नाही. दुधी किनार वरच्या खाचेत थोडी उरलीय, बाकी गेली. ही पट्टी म्हणजे नवीन पडदाच ना?

खंड्या
हो, नवीनच! आरपार दिसतेय म्हणजे शंका नको. आधी जखमेवर त्वचेचा थर येतो, त्याच्याखाली नव्या पेशींचा गोळा जमतो आणि त्यातून काड्यांचे पुढचे तुकडे आणि पडदा तयार होत जातो. रंग सगळ्यात शेवटी भरतो. प्रयोगशाळांमध्ये झेब्राफिशवर याचा खूप अभ्यास झालाय. २८ अंशांना कापलेली शेपटी दोन-तीन आठवड्यांत जवळजवळ पूर्ण उगवते. गंमत म्हणजे मुळाजवळ कापलेला भाग टोकाजवळ कापलेल्या भागापेक्षा वेगाने वाढतो. एंजलला इतकी घाई नसते, जास्त आठवडे धरा. एंजलच्या मिशाही वाढतील, पण त्या कधी कधी वाकड्या किंवा आखूड राहतात. त्याने त्याच्या पोहण्यात काही फरक पडत नाही.
या काळात पडदा फार नाजूक असतो. जाळीने धरू नका, सजावट हलवू नका. दोन आठवड्यांनी मीठ काढायला लागा, म्हणजे पाणी बदलताना फक्त बिनमिठाचं भरत जा, आपोआप उतरेल.

ओंजळ
मीही आता टॉर्चने बघायला लागलेय. एका गप्पीची फाटलेली शेपटी स्वच्छ निघाली, मीठ न घालता सोडली आहे, बघू.
शिंपला, एक विचारायचं राहिलं. बार्ब परत टँकमध्ये टाकणार का? मी ऐकलंय की संख्या वाढवली तर ते एकमेकांतच गुंतून राहतात.

जलपर्णी
ते खरं आहे. टायगर बार्ब आठ-दहाच्या थव्यात असले की मारामारी आपापसांत करतात आणि बाकीच्यांना कमी त्रास देतात. तीन-चार असले की हमखास दुसऱ्यांच्या परांवर जातात. पण १०० लिटरच्या टँकमध्ये एंजलसारख्या लांब परांच्या, संथ माशासोबत थवा वाढवणं मला पटत नाही. सर्पे टेट्रा, ब्लॅक विडो टेट्रा यांचंही तसंच. एंजल ठेवायचा असेल तर बार्बना दुसरं घर शोधा. त्यांच्याजागी नवीन मासे आणलेत तरी दोन ते चार आठवडे वेगळे ठेवून मगच टँकमध्ये सोडा. आणि सकर (काचेला चिकटून शेवाळ खाणारा मासा) आणायचा विचार असेल तर तूर्तास थांबा. काही सकर रात्री एंजलसारख्या चपट्या माशाच्या अंगाला चिकटून वरचा थर खरवडतात.

शिंपला
बार्बसाठी एका मैत्रिणीचा मोठा टँक ठरलाय, तिच्याकडे त्यांचा थवा आधीपासून आहे. परवा नेऊन देते. एंजलच्या टँकची टेस्ट आता दिवसाआड, पाणी आठवड्यातून दोनदा २५ टक्के. नायट्राइट पूर्ण शून्य झाला की कळवते आणि टॉर्च लावून फोटो काढायचा पुन्हा प्रयत्न करते.